जांभळी ओळ

धुळ्यातल्या त्या खोलीत सकाळ कधी एकदम येत नसे. आधी ती समोरच्या गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीवर उतरे, तिथे बराच वेळ नुसती बसून राही, आणि टाकीची कड घासलेल्या पितळेसारखी होई. मग कुणी हाक मारल्यासारखी झरोक्याच्या जाळीतून आत शिरे आणि समोरच्या भिंतीवर, चुन्याच्या पोपड्यांच्या वर, एक उभा लहानसा चौकोन मांडी. सुरुवातीला हा चौकोन इतका फिका असे की तो खरोखर आहे की रात्रभर मिटलेल्या डोळ्यांचा भास आहे, हे कळू नये. हळूहळू त्यात रंग भरे. आधी पाण्यात चिमूटभर हळद टाकावी तसा, मग थोडा दाट, मग जाळीच्या सावल्या त्यावरून समांतर रेघांसारख्या उमटत आणि ते पिवळं ऊन उभ्या चिरांत फाटल्यासारखं दिसे. इथवर आलं की योगराज नजर काढून घेई. गेले अडीच महिने तो हा उजेड पाहत होता आणि गेले अडीच महिने याच क्षणी कूस बदलत होता. ऊन मात्र आपल्या गतीने भिंतीवरून खाली येत राही. खिळ्याला टांगलेल्या शर्टाच्या खांद्यावरून, कॅलेंडरच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून, शेवटी टेबलावर. टेबलावर आज दोन फोन शेजारी शेजारी होते. मोठा त्याचा रोजचा. लहान, चार इंची, कडेला चिरलेला, तोही त्याचाच, पण दसऱ्यापासून कपड्यांच्या तळाशी पडलेला. उजेड दोन्हींवर एकाच वेळी आला. मोठ्यावर तो पसरला. लहानावर मावेना, कडेवरून टेबलावर सांडला.

लहान फोन काल रात्री बाहेर काढावा लागला होता. धुळ्याच्या एका महाविद्यालयातल्या संशोधन प्रकल्पावर योगराज सहायक होता, आणि त्या प्रकल्पाचा चार इंची फोन काल बॅटरी फुगून उघडला. प्रकल्प साधा होता. तीन आकारांचे फोन, तेच सहा प्रश्न, आणि वेगवेगळ्या गावांतली माणसं. त्यांनी फोनवर उत्तर शोधायचं. फोनमधला एक प्रोग्राम त्यांच्या अंगठ्याची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवायचा. यादीतला कितवा निकाल उघडला, किती खाली सरकले, कुठे थांबले, कुठे कंटाळले. स्क्रीन लहान झाला की माणसाचा शोधही लहान होतो का, एवढंच पाहायचं होतं. आज शिरपूरला शेवटचं शिबिर होतं आणि लहान फोनाशिवाय ते होणार नव्हतं. सोबत काम करणारी ज्योत्स्ना काल डोक्याला हात लावून बसली, तेव्हा माझा जुना आहे, असं योगराज सहज बोलून गेला होता. बोलून झाल्यावर ते परत घेता येणार नव्हतं. प्रत्येक माणसाच्या हाती देण्याआधी फोन पुसायचा असा नियम होता. म्हणजे आधीच्या शोधांच्या सगळ्या खुणा काढून टाकायच्या. हे काम योगराजचं. प्रकल्पाच्या तिन्ही फोनांना त्याने ते अडीच महिने न चुकता केलं होतं. आपला फोन त्याने रात्री चार्जिंगला लावला, सकाळी पुसू असं ठरवलं, आणि सकाळी तो हातात घेऊन, चालू न करता, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. तिथे गेल्यावर करू, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगण्याची ही सवय अलीकडची होती.

चहा होतो न होतो तोच आबांचा फोन आला. आबा म्हणजे वडील, चुडामण. फैजपूरजवळच्या गावात केळी पिकवणारे, फोनवरही वावराच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारल्यासारखे बोलणारे. मागे गडी बोलत होते, कुठेतरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. आईने, म्हणजे कुंदाबाईने, दिवाळीला कधी येतो म्हणून विचारलंय, असं आबांनी आधी सांगितलं, आणि मग मूळ गोष्टीवर आले. जूनच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग, म्हणजे पावसाळी केळी, गेली ती गेली. आता ऑक्टोबरची कांदेबाग, म्हणजे हिवाळी केळी, लावायची की नाही, याचा निकाल आज करायचा होता. रोपवाटिकेचा माणूस संध्याकाळपर्यंत थांबणार होता.

"भाईदास म्हन्तो, त्याच वावरात पुन्हा केळी नोको लावू. मी म्हन्लं, थांब, पोराले विचारतो. तू पाह्य तुह्या फोनात, काय लिव्हेल हाये ते. तू सांगशीन तसं करू."

"संध्याकाळी सांगतो, आबा."

"हाव. आता त मोठा हाये ना फोन? सारं दिसत असन त्याच्यात."

दिसतं, असं योगराज म्हणाला. फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला. हा मोठा फोन आबांनी दसऱ्याला घेऊन दिला होता. मुळासकट उपटलेल्या केळीचे ढीग बांधापलीकडे अजून सडत होते, तेव्हा ते एकटे जळगावला जाऊन आले आणि त्याच्या हातात खोकं ठेवलं. रंग कोणता, कंपनी कोणती, काही विचारलं नव्हतं. दुकानात म्हणे त्यांनी एवढंच सांगितलं की सगळ्यात मोठ्या काचेचा दाखवा.

शिरपूरच्या वाटेवर जीपमध्ये ज्योत्स्ना पुढे बसली होती. ती धुळ्याचीच, बोलण्यात चपळ, आणि योगराजच्या गप्प राहण्याची तिला एव्हाना सवय झाली होती. मागे वळून, तुला शोधायलाही मोठा स्क्रीन लागतो, असं ती म्हणाली, तेव्हा ड्रायव्हरही हसला. योगराज हसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. कापसाची वेचणी चालली होती. बायांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या होत्या. रस्ता मागे जात होता आणि त्याच्या मनात दुसराच रस्ता पुढे येत होता, जळगावहून धुळ्याकडे येणारा, जुलैच्या अखेरचा. त्या दिवशी तो या प्रकल्पाच्या मुलाखतीला निघाला होता. एरंडोल मागे पडलं आणि आबांचा फोन आला. दोन महिन्यांच्या बागेत तीस-चाळीस झाडांच्या पानांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या, काहींचा पोंगा म्हणजे मधला कोवळा कोंब सडत होता. शेजारचा भाईदास म्हणत होता की हा हरण्या रोग आहे, गावातले दुसरे म्हणत होते की नुसतं पाणी जास्त झालंय. आबांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि मजूर सगळे कपाशीच्या निंदणीला गेलेले. फोनात पाह्य रे, काय करा लागते ते. त्याने पाहिलं. चार इंचांत दोन निकाल मावत होते, आणि दोन्ही फवारणीचे होते, औषधाच्या बाटल्यांच्या रंगीत चित्रांसह. त्याने आबांना फवारणी सांगितली. आबांनी केली. तीन आठवड्यांत पिवळेपणा पाच हजार झाडांत फिरला आणि बांध ओलांडून भाईदासच्या बागेतही शिरला. हरण्यावर औषध नसतं, दिसल्या दिवशीच रोगट झाडं उपटून बागेबाहेर न्यावी लागतात, हे गावाला मागाहून कृषी खात्याच्या माणसाने सांगितलं. ती माहिती यादीत खाली होती. लहान स्क्रीनवर ती दिसली नव्हती. असं घडलं होतं. योगराजने ते इतक्या वेळा असंच आठवलं होतं की आता त्या आठवणीला नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत गोलाई आली होती, कुठेच बोट अडकत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मुलाखतीत प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी विचारलं होतं, हाच विषय का? एरवी चार माणसांत त्याचा आवाज घशातच राही. त्या दिवशी मात्र तो बोलला. लहान स्क्रीनवर माणूस पहिल्या दोन निकालांपुढे जातच नाही, सर, आज सकाळीच माझ्या बाबतीत असं झालं, असं म्हणून त्याने बागेची हकिकत सांगितली. सरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला, तेव्हा आबा पाठीवर पंप घेतलेल्या एका म्हाताऱ्या गड्यामागून बागेत हिंडत होते. पुढे सगळं संपल्यावर गावात कुणी विषय काढला की आबा स्वतःच आधी सांगून टाकत. पोराचा काय दोष, त्याचा फोनच ल्हान व्हता, एवढासा. आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात ते माप दाखवत. भाईदासलाही त्यांनी तेच माप दाखवलं होतं. दर वेळी ते माप थोडं आणखी लहान होई.

अस्वस्थता मात्र दुसरीकडूनही येत होती. शिबिरांच्या नोंदी जमत गेल्या तसा एक आकडा योगराजच्या डोळ्यांसमोर वारंवार येऊ लागला होता. लहान फोनवर लोक जास्त वेळ घेत, चुकत, वैतागत, डोळे बारीक करत. पण खाली जात. दोन निकालांशी थांबणारे होते, ते मोठ्या फोनवरही थोडेफार होते. फरक होता, पण त्याने मुलाखतीत सांगितला तेवढा नव्हता. दोंडाईचाच्या शिबिरानंतर त्याने ते आकडे तीनदा जुळवून पाहिले. शिरपूरला चित्र बदलेल, असं त्याला वाटत होतं. वाटत होतं म्हणण्यापेक्षा हवं होतं. सहा प्रश्नांतला एक प्रश्न त्याने स्वतः घातला होता. केळीच्या पानांवर पिवळ्या रेषा आहेत आणि पोंगा सडतो आहे, काय करावं? लहान फोनवर या प्रश्नाशी माणसं अडखळली की त्याला दिवसभर हलकं वाटे. आणि मग त्या हलकेपणाची लाज.

शाळेच्या सभागृहात बाकं भिंतीला लावली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून माणसं आली होती. पहिल्या तासात गर्दी झाली, सह्या घ्यायच्या होत्या, पाणी नव्हतं, कुणाला तरी लवकर परतायचं होतं. रुमालातला फोन योगराजने प्रोग्राम घालून तसाच ज्योत्स्नाच्या हाती दिला. पुसायचा राहिला. राहिला, हा शब्द त्याने मनात उच्चारलाही. चार इंचीची पहिली पाळी सोनीबाईची होती. अंगणवाडीत मदतनीस, चाळिशीची, अंगाने काटक. आत येताना चपला तिने उंबऱ्याबाहेर नीट जुळवून ठेवल्या. फोन हातात घेतल्यावर तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि, मना फोन बी असाच शे, भाऊ, असं समाधानाने सांगितलं. पाच प्रश्न तिने सावकाश सोडवले. ओठ हलवत वाचायची. सहावा तो केळीचा.

योगराज तिच्या बाजूला, जरासा मागे, नियमाप्रमाणे न बोलता उभा होता. तिने प्रश्न फोनला तोंडी सांगितला. दोन निकाल आले, दोन्हींवर बाटल्यांची चित्रं. तीच चित्रं. तिचा अंगठा वर गेला; आता दाबेल, असं योगराजला वाटलं. तिने दाबलं नाही. अंगठ्याने पान वर सरकवलं, परत सरकवलं. नियम मोडून त्याने विचारलं, वरचं का उघडलं नाही?

"हाई तर इकनारा शेतस, भाऊ," ती बाटल्यांच्या चित्रांकडे बोट दाखवत, मान वर न करता म्हणाली. "सांगनारा खाले व्हई."

"पण दिसत तर दोनच होते."

"मंग? बोट सरकाडं का खालनं बी दखास." तिने आता त्याच्याकडे पाहिलं. इतक्या शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागतं याचं तिला थोडं हसू आलं होतं. "त्याले काय कष्ट शेत?"

ती सहाव्या निकालाशी थांबली. योगराजला दिसलं ते तिच्याही आधी. वरच्या पाचही ओळी निळ्या होत्या, ही एकटी जांभळी. मळकट, पिकून काळवंडायला लागलेल्या करवंदासारखी जांभळी. सोनीबाईने तिच्यावर बोट ठेवलं आणि तिची भुवई वर गेली. हाई पह्यलेच कोनी उघाडेल शे, असं ती म्हणाली. तिच्या फोनमध्येही उघडून झालेली ओळ अशीच होते, त्यावरून आपण कुठवर आलो होतो ते तिला कळतं. मग तिने ओळ उघडली, ओठ हलवत वाचली, आणि शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं की झाडं मुळासकट उपटायची, बागेबाहेर न्यायची, औषध नाही. तिला किती वेळ लागला ते प्रोग्रामने नोंदवलं असेल. योगराजच्या कानांत फक्त पंख्याची घरघर होती.

ज्योत्स्ना टेबलापलीकडून उठून आली. फोन पुसला नव्हतास का, असं तिने हळूच विचारलं, बाईसमोर त्याला अवघड वाटू नये म्हणून. योगराजने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो की नाही हे त्यालाही ठरवता आलं नसतं. आता ही नोंद वगळावी लागेल, असं ती म्हणाली. दुसऱ्या कुणी आधी उघडलेली ओळ रंगाने उठून दिसते, माणूस आपोआप तिकडे जातो. नियम नियम आहे. वगळण्याच्या कागदावर कारण लिहायचं आणि ते पान आधी कधी उघडलं होतं ती तारीख. सोनीबाई दोघांच्या तोंडाकडे पाहत होती.

"मन्हं चुकनं का, भाऊ?"

"नाही, अक्का," योगराज म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. तुमचं एकटीचंच बरोबर आहे."

ज्योत्स्नाने तोवर फोनमधला मागच्या शोधांचा इतिहास उघडला होता. ती तारीख कागदावर उतरवता उतरवता मोठ्याने वाचत होती, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"अठ्ठावीस जुलै. सकाळी नऊ सत्तावीस." तिने पेन उचललं. "हा तुझ्या मुलाखतीचा दिवस ना? फाइली मीच आणून देत होते तेव्हा. तू सरांना सांगितलं होतंस, की..."

तिने कागद त्याच्याकडे सरकवला, पेन त्यावर आडवं ठेवलं, आणि सोनीबाईला चहा द्यायला घेऊन गेली. ज्योत्स्ना गेली हे बरं झालं असं योगराजला वाटलं, आणि ती जायला नको होती असंही. कागदावर कारणाची जागा कोरी होती. फोन पुसलेला नव्हता, असे तीन शब्द तिथे सहज मावले असते. नियमाला तेवढेच हवे होते.

त्याने फोन हातात घेतला. चिरलेल्या कडेवर अंगठा टेकला आणि अंगठ्याला सगळं आधी आठवलं. पारोळ्याचं बसस्थानक. गाडी दहा मिनिटं थांबली होती. खिडकीशी भजी विकणारा ओरडत होता, पुढच्या सीटवर कुणाचं तरी मूल आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे एकटक पाहत होतं. दोन निकाल त्याने एरंडोलनंतरच पाहिले होते आणि तेव्हाच त्याला ते पटले नव्हते. केळीत वाढलेल्या पोराला बाटलीचं चित्र ओळखू येतं. अंगठ्याने यादी सरकवली होती. तिसरा, चौथा, पाचवा. सहावा उघडला होता. अक्षरं बारीक होती म्हणून त्याने दोन बोटांनी ती मोठी केली होती. लक्षणे दिसताच रोगट झाडे समूळ उपटून नष्ट करावीत; विलंब केल्यास संपूर्ण बाग बाधित होते. त्याने मान वर केली तर शेजारच्या फलाटावर जळगावची गाडी लागलेली होती. दार उघडं, आत निम्म्या जागा रिकाम्या. या गाडीतून उतरून त्या गाडीत चढायला वीस पावलं. आबा वाकू शकत नव्हते, मजूर नव्हते; चाळीस झाडं उपटायला एका माणसाची एक दुपार पुरली असती आणि तो माणूस कोण, हे आबा फोनवर बोलले नसते, पण दोघांनाही माहीत असतं. ऊन जळगावच्या गाडीच्या पत्र्यावर पडून त्याच्या डोळ्यांत येत होतं. कंडक्टरने घंटी ओढली. त्याने मागे जाण्याचं बटण दाबलं, दोन बाटल्या परत आल्या, आणि मग त्याने आबांचा नंबर लावला. फवारा मारा, आबा. बोलताना आवाज अगदी नेहमीसारखा होता. नंतर कितीतरी दिवस त्याला त्या आवाजाचंच आश्चर्य वाटत राहिलं होतं, पण ते कशाचं आश्चर्य आहे हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

सभागृहामागच्या पडवीत एक नळ ठिबकत होता. योगराज मोठा फोन घेऊन तिथे आला. आत सोनीबाई कशाला तरी खळखळून हसली, बहुतेक ज्योत्स्नाच्या चहाला. आबांनी पहिल्या घंटीलाच फोन उचलला. ते वाटच पाहत होते. रोपवाटिकेचा माणूस बांधावर बसलाय, भाईदासही आलाय, असं त्यांनी सांगितलं.

"काय म्हन्ते रे फोन? लावू का?"

"आबा, ते मागून. त्या दिवशीचं सांगाचं हाये. मी बसमधून फोन केला व्हता तो."

"आता काहाले काढतो ते?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला, तो आजूबाजूच्या माणसांसाठी नव्हता. "मी कोनाले काही बोलू देल्लं का? फोन ल्हान व्हता. तू काय करशीन त्याले?"

ते आताही अंगठा आणि तर्जनी यांच्यात माप धरून उभे असतील, भाईदासला दिसेल असं. योगराजला ते माप इथून दिसलं. त्यात आता तिळाएवढीही जागा उरली नव्हती, आणि तेवढ्याशा जागेत त्याचे वडील त्याला दोन महिने झाकून उभे होते. नळाचा एक थेंब पडला, दुसरा पडायला वेळ लागला.

"फोन ल्हान नव्हता, आबा."

पलीकडे लांब कुठेतरी विहिरीवरची मोटर चालू होती, तिचा आवाज तेवढा येत राहिला. आबांनी फोन ठेवला नव्हता. मग योगराजने पुढचं सांगितलं, हळू, बसस्थानकाच्या नावासकट आणि शेजारी उभ्या असलेल्या गाडीसकट. ओळ त्याला दिसली होती. त्याने ती मोठी करून, दोनदा, वाचली होती.